पुस्तकातला डोंगर

पोर्टलंडला पॉवेल्स नावाचं पुस्तकांचं दुकान आहे. शहराचा एक अख्खा चौकोन व्यापून बसलेलं. नवी पुस्तकं आणि कुणीतरी वाचून विकलेली जुनी पुस्तकं तिथं एकाच फडताळात शेजारी शेजारी लावलेली असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं आम्हाला तिथं नेलं. डोंगरातल्या भटकंतीसाठी एखादं मार्गदर्शक पुस्तक घ्यायचं होतं. जावयांनी एक नवंकोरं, रंगीत नकाशांचं निवडलं. माझ्या अकरा वर्षांच्या नातवानं मात्र अगदी खालच्या कप्प्यातून एक जुनं ओढून काढलं. पाठ उसवलेली, कोपरे दुमडलेले, आत काळेपांढरे फोटो. १९७० नंतरच्या दोन-चार वर्षांत छापलेलं. दोन्ही पुस्तकांत माउंट सेंट हेलेन्सवर प्रकरण होतं. नातवानं दोन्ही पानं शेजारी उघडून धरली आणि म्हणाला, “आजी, हा डोंगर वेगळाच आहे.”

खरंच वेगळा होता. जुन्या फोटोत एक नीटस, गोलसर, बर्फानं माखलेला सुळका. अमेरिकेतला फुजियामा म्हणत त्याला. नव्या फोटोत वरचा भाग कुणीतरी चमच्यानं खरवडून काढावा तसा बसका, मध्ये घोड्याच्या नालासारखा खड्डा. जुन्या पुस्तकात उंची ९,६७७ फूट. नव्यात ८,३६३. मधले १,३१४ फूट गेले कुठं, याचं उत्तर मला पाठ होतं. मी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. १८ मे १९८० ही तारीख त्यानंतरच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिली. पण फळ्यावर लिहिणं वेगळं आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी, हातात पुस्तक धरून, ‘इथून डावीकडे वळा’ असं वाचत चालणं वेगळं.

दोन्ही पुस्तकं घेतली. जुन्याला फारसे पैसे पडले नाहीत.

या प्रकारच्या पुस्तकांबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडेही सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या पिशवीत हरीश कापडियांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज्’ असायचं. पण अमेरिकेच्या या वायव्य कोपऱ्यात अशा पुस्तकांची एक परंपराच आहे. सिएटलमध्ये ‘द माउंटेनियर्स’ नावाची गिर्यारोहकांची संस्था आहे, १९०६ साली निघालेली. तिनं १९६६ मध्ये पश्चिम वॉशिंग्टनमधल्या शंभर पायवाटांचं एक पुस्तक काढलं. लिहिलं होतं लुईझ मार्शल या बाईंनी. फोटो बॉब आणि आयरा स्प्रिंग या भावांचे. शनिवारी-रविवारी मुलाबाळांना घेऊन निघणाऱ्या साध्या कुटुंबांसाठी ते होतं. एका पायवाटेला दोन पानं. मोटार कुठं ठेवायची, जाऊन-येऊन किती मैल, चढ किती फूट, कुठल्या महिन्यात बर्फ वितळतं, पाणी कुठं मिळतं, छोटासा नकाशा. झालं. पुढं तशी कितीतरी पुस्तकं निघाली. आयरा स्प्रिंग यांचं म्हणणं असं, की जो माणूस जंगलात पायी चालून येतो तोच उद्या त्या जंगलासाठी बोलायला उभा राहतो, म्हणून लोकांना वाट दाखवली पाहिजे. उलट, पुस्तकामुळे गर्दी होते आणि वाटांची नासाडी होते, अशी तक्रारही तेव्हापासूनच आहे. राजमाचीला पावसाळ्यातल्या रविवारी जाऊन आलेल्या कुणालाही दोन्ही बाजू पटतील.

याच संस्थेची आणखी एक देणगी म्हणजे ‘दहा आवश्यक वस्तूं’ची यादी. १९३० च्या दशकात त्यांच्या गिर्यारोहणाच्या वर्गात ती तयार झाली. नकाशा, होकायंत्र, उन्हाचा चष्मा आणि मलम, जास्तीचे कपडे, विजेरी, प्रथमोपचाराचं साहित्य, आग पेटवायला काहीतरी, काड्या, चाकू आणि जास्तीचं खाणं. त्या जुन्या यादीत पाणी नाही! आमच्या ह्यांनी ते ताबडतोब हेरलं. “पाणी तुम्ही आणालच असं गृहीत धरलंय,” लेक म्हणाली. “मग खाणं का गृहीत धरलं नाही?” यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. नव्या पुस्तकात पाणी आलेलं आहे.

जुन्या पुस्तकात छापलेल्या मजकुराखेरीज आणखी काहीतरी होतं. समासात पेन्सिलीनं केलेल्या नोंदी. कुणा कुटुंबानं ते पुस्तक वर्षानुवर्षं वापरलं असणार. ‘१९७४ ऑगस्ट. तळ्यापर्यंत. मुलं दमली.’ ‘१९७६. धुकं. अर्ध्यातून परत.’ एका पानावर लहान मुलानं काढलेली होडी. शेवटची नोंद १९७८ च्या जुलैची. ‘पाऊस. धाकट्याच्या बुटात पाणी. परत यायचं.’ पुढं काही नाही. या नोंदी बहुतेक स्पिरिट लेक या तळ्याच्या पानांवर होत्या. ते तळं डोंगराच्या उत्तरेला. काठावर लॉज, मुलांच्या शिबिरांच्या जागा, होड्या, चहूबाजूंनी उंच सूचिपर्णी झाडं. तळ्यापासून वर झाडांची रेघ संपते तिथपर्यंत मोटार जायची. तिथून ‘डॉग्ज हेड’ नावाच्या खडकावरून शिखराची वाट. डोंगरावर जायचं म्हणजे उत्तरेकडूनच जायचं, असा तेव्हाचा रिवाज होता. आणि डोंगराच्या स्वभावाबद्दल त्या पुस्तकात एकच ओळ होती. १८५७ पासून शांत आहे.

आम्ही पहिल्या रविवारी दक्षिणेकडे गेलो. मुद्दाम तसं ठरवलं नव्हतं. आमच्या गुडघ्यांना झेपेल असं काहीतरी शोधताना लेकीला ‘एप केव्ह’ सापडली. पोर्टलंडहून दीड तासाच्या आत. जुनं पुस्तक नातवाच्या मांडीवर, नवं जावयांच्या शेजारी.

एप केव्ह म्हणजे लाव्हाची नळी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरातून पातळ लाव्हा वाहत आला. वरचा थर हवेनं थिजून दगड झाला, आतला रस वाहतच राहिला आणि ओसरल्यावर मागं राहिलं ते १३,०४२ फूट लांबीचं, म्हणजे जवळजवळ चार किलोमीटरचं भुयार. नाव ऐकून माकडं शोधू नयेत. १९५० च्या दशकात हे भुयार धुंडाळणाऱ्या स्थानिक तरुणांच्या मंडळाचं नाव ‘माउंट सेंट हेलेन्स एप्स’ होतं, त्यावरून पडलेलं ते नाव.

दोन्ही पुस्तकांनी बजावलं होतं की बारा महिने आत एकच थंडी असते, साडेपाच अंश सेल्सिअसच्या आसपास. बाहेर ऑगस्टचं ऊन. ह्यांनी स्वेटर मोटारीत ठेवला आणि जिना उतरल्यावर दहा पावलांत परत वर गेले. खालचा भाग सोपा, पाऊण मैलाचा. जमीन रेताड आणि बरीच सपाट. वरचा भाग दीड मैलाचा, पडलेल्या दगडांच्या राशींवरून, मध्ये आठ फुटांचा थिजलेला लाव्हाचा धबधबा चढावा लागतो. तो जावयांनी आणि नातवानं केला. आम्ही तिघं खालच्या भागात हळूहळू फिरलो. एका जागी दिवे विझवले. असा काळोख मी आयुष्यात पाहिला नव्हता. डोळ्यांसमोर धरलेला हात दिसेना.

विजेरीच्या उजेडात भिंतीचा दगड पाहिला आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. काळा, बारीक छिद्रांचा. बेसॉल्ट. आपला सह्याद्री याचाच. सहासष्ट दशलक्ष वर्षांपूर्वी असाच पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचं पठार झालं. पातळ लाव्हा वाहतो, फारसा फुटत नाही. मी वर्गात साखरेच्या पाकाचं उदाहरण द्यायची. कच्चा पाक ताटात पसरतो. गोळीबंद पाक जागच्या जागी राहतो. सेंट हेलेन्सची गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, हे की या एकाच डोंगरानं दोन्ही प्रकार केले आहेत. दक्षिणेला कधीतरी पातळ पाक ओतला. पण बहुतेक वेळा याच्या पोटातला रस चिकट, जाड असतो. त्यात अडकलेल्या वायूला बाहेर पडायला वाट मिळत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी नातवानं हिशेब मांडला. जुन्या पुस्तकातलं दक्षिणेचं पान जवळजवळ सगळं बरोबर निघालं. अंतर, थंडी, जिना, पडलेले दगड. फरक एवढाच की आता उन्हाळ्यात मोटार ठेवायला आधी वेळ नोंदवावी लागते. पन्नास वर्षांचं जुनं पुस्तक आणि आपण त्याच्या बोटाला धरून चाललो. माझा त्या पुस्तकावर विश्वासच बसला. पुढच्या शनिवारी उत्तरेकडे जायचं ठरलं, पेन्सिलीच्या नोंदींचं तळं होतं तिकडे.

मधल्या आठवड्यात मी नातवाला त्या तारखेची गोष्ट सांगितली. इथंही थोडक्यात सांगते.

१९८० च्या २० मार्चला डोंगराखाली भूकंप झाला. २७ मार्चला शिखरावर वाफेचा आणि राखेचा पहिला फवारा उडाला. मग उत्तरेची बाजू फुगायला लागली. रोज पाच-सहा फुटांनी डोंगर बाहेर येत होता. आत चिकट लाव्हा वर चढत होता आणि कडा रेटत होता. रस्ते बंद केले गेले, तळ्याकाठच्या लोकांना हलवलं. हॅरी ट्रूमन हे ८३ वर्षांचे लॉजमालक मात्र हलले नाहीत. पन्नासेक वर्षं तिथं काढली होती. सोबत सोळा मांजरं. वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. काठावर ज्यांच्या झोपड्या होत्या त्यांना सामान आणायचं होतं. आरडाओरडा झाल्यावर १७ मेच्या शनिवारी पोलिसांच्या सोबतीनं एक तांडा आत सोडला. दुसरा तांडा रविवारी सकाळी दहाला निघणार होता.

रविवारी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी भूकंप झाला आणि उत्तरेची सगळी बाजू घसरली. माणसानं नोंदवलेल्या इतिहासातली ही सर्वांत मोठी दरड. गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर काय होतं ते आठवा. वरचा दाब गेला आणि आत कोंडलेला वायू फसफसून बाहेर आला, पण वर नव्हे, आडवा. उत्तरेकडे सुमारे सहाशे चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं, काड्यापेटीतल्या काड्या एका दिशेला लावाव्यात तसं. पंधरा मिनिटांत राख ८० हजार फुटांवर गेली. पूर्वेकडच्या याकिमा गावात भर दिवसा काळोख झाला. दरडीचा एक भाग तळ्यात कोसळला आणि पाणी समोरच्या डोंगरावर साडेआठशे फूट चढलं. परत येताना झाडं घेऊन आलं. ५७ माणसं गेली. ट्रूमनही गेले. डोंगरापासून सहा मैलांवरच्या कड्यावर निरीक्षणाला बसलेले डेव्हिड जॉन्स्टन हे तीस वर्षांचे शास्त्रज्ञ, त्यांनी बिनतारी यंत्रावर आपल्या लोकांना कळवलं, तेच त्यांचं शेवटचं.

आता जी गोष्ट मला अनेक वर्षं खटकत आली आहे ती. मेलेल्यांपैकी बहुतेक जण बंदी असलेल्या भागाच्या बाहेर होते. कुणी तंबू टाकून होते, कुणी मासे पकडत होते, कुणी फोटो काढायला आले होते. बेपर्वा म्हणावं असे त्यांच्यात फार थोडे. त्यांनी रेषा पाहिली होती आणि ते रेषेच्या अलीकडे थांबले होते. पश्चिमेच्या बाजूला ती रेषा जमिनीच्या मालकीच्या हद्दीवरून गेली होती. डोंगराला सातबारा वाचता येत नाही.

आणि माहिती नव्हती असंही नाही. १९७८ साली, म्हणजे आमच्या पुस्तकातली शेवटची पेन्सिलीची नोंद ज्या वर्षाची त्याच वर्षी, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं ड्वाइट क्रँडेल आणि डोनल मुलिनो या दोन शास्त्रज्ञांचा एक अहवाल छापला होता. राखेचे जुने थर खणून, त्यातल्या जळक्या लाकडांचं वय काढून त्यांनी या डोंगराचं चार हजारांहून अधिक वर्षांचं दप्तर मांडलं. हा डोंगर पुन्हा पेटणार, कदाचित हे शतक संपायच्या आत, असं त्यात स्पष्ट होतं. कुठल्या खोऱ्यातून चिखल येईल याचे नकाशेही होते. डोंगर इतक्या जोरानं आडवा फुटेल ही अटकळ त्यांनाही नव्हती. पण तोही एक मार्गदर्शक ग्रंथच होता. फक्त तो कुणाच्या पिशवीत नव्हता. पिशवीत होतं ते ‘शांत आहे’ म्हणणारं पुस्तक. त्या पुस्तकवाल्याला मी दोष देत नाही. त्याला वाट दाखवायची होती आणि वाट त्यानं बरोबर दाखवली. पण आठ-दहा ओळी त्या अहवालाच्या पुढच्या आवृत्त्यांत आल्या असत्या, तर समासात नोंदी करणाऱ्या त्या आईबापांनी त्या वाचल्या असत्या एवढं नक्की.

शनिवारी सकाळी निघालो. कॅसल रॉक या गावाहून ५०४ नंबरचा रस्ता टूटल नदीच्या खोऱ्यातून वर चढतो. जुन्या पुस्तकातला रस्ता चिखलाखाली गेला, हा नवा वरच्या अंगानं बांधलेला. एक पूल तर ३७० फूट उंचीवर आहे. खाली पाहिलं तर हिरव्या डोंगरांच्या मधून राखाडी पात्र. चाळीस वर्षं होऊन गेली तरी नदीनं गाळ वाहणं सोडलेलं नाही.

नव्या पुस्तकाप्रमाणे आम्हाला जॉन्स्टन रिजवरच्या निरीक्षण केंद्रात जायचं होतं. १९९७ साली उघडलेलं, त्या शास्त्रज्ञाच्या नावाचं, खड्ड्याच्या अगदी तोंडासमोरचं. पुस्तकात ठळक अक्षरात लिहिलं होतं की वेळ कमी असेल तर एवढं एक तरी पाहा. पण ४५ मैलांच्या दगडाजवळ रस्त्यावर आडवा अडसर. १४ मे २०२३ च्या रात्री पुढची एक दरड कोसळली आणि पूल घेऊन गेली. वर अडकलेल्या लोकांना दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरनं आणावं लागलं. आम्ही गेलो तेव्हा केंद्र बंदच होतं. जावई जरा खजील झाले. “निघण्याआधी चौकशी करायला हवी होती.” नातू खूश. “बाबा, तुमचं पण जुनंच झालं!”

मग अडसराच्या अलीकडेच जी पायवाट होती ती धरली. ‘हमक्स ट्रेल’ तिचं नाव. हमक म्हणजे टेकाड, उंचवटा. अडीच मैलांच्या आतबाहेरचा फेरा, चढ फारसा नाही, आमच्यासारख्यांना अगदी बेताचा. चढउतार होत वाट लहानमोठ्या टेकाडांमधून फिरते. मध्येच तळी, त्यांत पाणकणसं, काठाला अल्डर आणि विलोची दाट झाडी. एका तळ्यात बेडकांची पिल्लं इतकी, की पाणी हलताना दिसत होतं. चिखलात एल्कच्या खुरांचे ठसे. एल्क म्हणजे सांबराचा मोठा भाऊ म्हणा.

ही टेकाडं कसली, ते वाटेवरच्या फलकावर वाचलं आणि मी तिथल्या बाकावर बसलेच. ही टेकाडं म्हणजे घसरलेला डोंगर. दरड नदीच्या खोऱ्यातून चौदा मैल वाहत गेली. वाहताना डोंगराचे घराएवढे, वाड्याएवढे तुकडे जसेच्या तसे वाहून आले आणि जिथं वेग संपला तिथं बसले. म्हणून एक टेकाड करडं, दुसरं तांबूस, तिसरं निळसर. वेगवेगळ्या उंचीवरचे, वेगवेगळ्या काळातल्या उद्रेकांचे दगड. जुन्या पुस्तकातले जे १,३१४ फूट आम्ही शोधत होतो ते आमच्या दोन्ही हातांना पसरले होते. ह्यांनी काठीनं एका तांबूस खडकावर टकटक केलं. “म्हणजे हा वरचा असेल?” असेलही. आयुष्यात कधी बर्फाच्या शिखरावर जाणं होणार नव्हतं. शिखरच चालत खाली आलं होतं. खडकावर हात ठेवला. उन्हानं तापला होता.

एका वळणावर झाडी संपते आणि समोर डोंगर उभा राहतो. खड्ड्याचं तोंड थेट आपल्याकडे. आत १९८० नंतर आणि पुन्हा २००४ ते २००८ मध्ये वाढलेला लाव्हाचा घुमट, त्याच्या भोवती सावलीत साठलेल्या बर्फाची नवी हिमनदी. नातवाच्या दोन्ही आज्यांहून लहान वयाची हिमनदी, असं मी त्याला सांगितलं. स्पिरिट लेक इथून दिसत नाही, ते कड्याच्या पलीकडे. तळ्याचा तळ दरडीनं भरला आणि पाण्याची पातळी दोनशे फूट वर आली. लॉज, शिबिरं, काठ, सगळं त्याच्याखाली कुठंतरी आहे. उन्मळून पडलेल्या हजारो झाडांचे बुंधे अजून त्या पाण्यावर तरंगतात आणि वारा येईल तसे या काठाहून त्या काठाला जातात. काठापर्यंत उतरायला एकच परवानगीची वाट आहे, पूर्वेच्या बाजूनं, ‘हार्मनी ट्रेल’. ती आमच्या गुडघ्यांची नव्हती.

परतताना कोल्डवॉटर लेकवर डबा उघडला. हे तळं जुन्या पुस्तकात कुठंच नाही. दरडीनं एका ओढ्याचं तोंड बंद केलं आणि मागं पाणी तुंबून तळं झालं. माझ्या लेकीएवढंच त्याचं वय. काठावरून फळ्यांची वाट केली आहे, चाकांच्या खुर्चीवरचे लोकही जाऊ शकतात. मेथीचे पराठे, लिंबाचं लोणचं आणि समोर जेमतेम चाळिशी ओलांडलेलं तळं.

तिथं बसल्यावर मी मनातलं विचारलं. लेकीच्या घराच्या गच्चीतून निरभ्र दिवशी उत्तरेला हा डोंगर दिसतो आणि पूर्वेला माउंट हूड. तोही ज्वालामुखीच. “तुम्ही इथं घर घेतलंत, भीती नाही वाटत?” लेक हसली नाही. म्हणाली, “वाटते ना. पण आता कुणीतरी बघत असतं, आई.” नदीपलीकडे व्हँकुव्हर गावात जॉन्स्टन यांच्याच नावाची वेधशाळा आहे. तिथं या रांगेतल्या डोंगरांच्या नाडीवर रात्रंदिवस बोट असतं. तिच्या घरातल्या जिन्याखालच्या कपाटात एक पिशवी भरलेली आहे. विजेरी, पाणी, तोंडाला लावायचे मास्क, औषधं. त्या दहा वस्तूंची यादीच थोडी वाढवलेली. मी पिशवी पाहिली होती, पण मला वाटलं सहलीची असेल. सांगलीला पुराच्या पाण्याशेजारी आपणही राहिलोच की, हे बोलले. त्यावर मी काही बोलले नाही. पुराची सूचना आपल्याला कशी आणि कधी मिळते ते दोघांनाही ठाऊक होतं.

कुणाला जायचं असेल तर चार गोष्टी. जुलै ते सप्टेंबर हा काळ उत्तम, त्याआधी वरच्या वाटांवर बर्फ असतं. शिखरावर आता दक्षिणेकडूनच जातात, मॉनिटर रिजवरून. पाच मैलांत साडेचार हजार फूट चढ, शेवटी नुसती राख, दोन पावलं वर आणि एक खाली. उन्हाळ्यात परवाना लागतो आणि दिवसाला साधारण शंभर जणांनाच मिळतो, तेव्हा खूप आधी नोंदणी करावी. खड्ड्याच्या काठावर बर्फाचा छज्जा असतो. त्याच्यावर उभं राहून फोटो काढू नये, खाली काही नसतं. बाकी कुणाला चढायचं नसेल त्यांनी एप केव्ह आणि हमक्स ट्रेल करावी. दोन्हीकडे खाण्याचं दुकान नाही. आणि पुस्तक कुठलंही घ्या, पण निघायच्या आदल्या दिवशी वनखात्याला फोन करून रस्ता उघडा आहे का ते विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर नातवानं टोकदार पेन्सिल आणली. नव्या पुस्तकातलं जॉन्स्टन रिजचं पान उघडलं. इंग्रजीत लिहू की मराठीत, म्हणून विचारलं. मराठीत लिही म्हटलं, पुढं कुणी विकत घेतलं तर त्याला जरा शोधू दे. त्यानं जीभ बाहेर काढून एकेक अक्षर लिहिलं. ‘२०२४ ऑगस्ट. पूल नाही. आजी-आजोबा डोंगराच्या तुकड्यांतून चालले. पराठे.’ मग जुनं पुस्तक घेऊन त्यानं १९७८ च्या नोंदीखाली बराच वेळ पेन्सिल धरली, आणि काही न लिहिता मिटलं.